गयाबाईचा नळ

गयाबाई गेल्याची खबर आली तेव्हा मी ओट्यावर बसून लाल मिरच्यांचे देठ खुडत होते. उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन आला, "काकू, गयाबाई उठंनात." मी म्हटलं, "दुपारची झोपली असंल. उठवू नका, खेकसंल." सिस्टरला रडू फुटलं, तेव्हा मला कळलं. मी मिरचीच्या हातानेच डोळे पुसले आणि मग तासभर रडत बसले. बघणाऱ्यांना वाटलं, मैत्रीण गेली म्हणून. थोडं तेही असेल... जेवून, ताट घासून, पालथं घालून ती आडवी झाली होती. मागे कुणाला काम ठेवायचं नाही, हे तिने शेवटपर्यंत पाळलं.

आमचं गाव केदारखेड्यापासून आत आहे. सरकारी उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक सिस्टर आणि तिच्या हाताखाली गयाबाई. कागदावर ती अर्धवेळ मदतनीस. अर्धा वेळ झाडायचं, पुसायचं, आणि उरलेला सगळा दिवस घरोघरी जाऊन पोटुशा बायकांना रागवायचं. "तुझी सासू डॉक्टर हाय का? मंग चल सुई घ्यायला." कागदावर तिचं वय साठीच्या आत होतं. खरं किती, ते मला विचारू नका.

मी शेतकऱ्याच्या घरची, ती बौद्ध वस्तीतली. माझ्या सासूच्या काळात तिच्या सासूला आमच्या विहिरीवर येऊ देत नव्हते. हे मी लिहून टाकते, कारण गयाबाई ते चारचौघांत बोलून दाखवायची, आणि मी लिहिलं नाही तर वस्तीतल्या बायका म्हणतील, कौसाबाईने बराबर तेवढंच गाळलं.

आमच्या गावाला एक खोड होती. उपकेंद्र तपासायला जिल्ह्याचे साहेब येणार म्हटलं की मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी गावाची धावपळ व्हायची. त्या दोन खोल्यांत खरं म्हणजे एक टेबल, एक मोडकी खुर्ची आणि पालींशिवाय काही नव्हतं. पण तसं पाहुण्यांना दाखवायचं कसं? मग माझ्या सुनेच्या रुखवतातला मोराचा पलंग बाळंतिणीची खाट म्हणून जायचा. शाळेतलं घड्याळ, गणपतीच्या मंडपाचे पडदे, सरपंचांच्या बैठकीतला पंखा. लेकरांचं वजन करायला किराणा दुकानाचा काटा. एकदा त्याच्या पारड्यात तुरीची डाळ तशीच राहिली होती, आणि साहेबांनी ती चिमटीत धरून सिस्टरकडे नुसतं बघितलं.

त्या वर्षी सरपंचांना नळ सुचला. उपकेंद्राला पाणी नव्हतंच. त्यांनी भिंतीला भोक पाडून चकचकीत तोटी बसवली. पलीकडच्या बाजूला वीतभर पाइप आणि त्याला रॉकेलचं नरसाळं. आमच्या विहिरीचं पाणी भरलेल्या दोन घागरी घेऊन गयाबाई भिंतीमागे उभी. साहेबांनी तोटी सोडली की तिने ओतायचं. मी तिच्या सोबतीला होते. साहेबांनी खरंच तोटी सोडली. ती ओतता ओतता माझ्या कानात म्हणते, "कौसे, बघ. तुझ्या सासूच्या विहिरीचं पाणी म्या साहेबाच्या हातावर घालून राह्यले." मला हसू आवरेना. पण साहेब बोलणारे निघाले. हात धुऊन झाले, तरी तोटी सोडून ते स्वच्छतेवर बोलत उभे. एक घागर संपली, दुसरी संपत आली. शेवटी गयाबाईच भिंतीमागून ओरडली, "साहेब, नळ बंद करा, पाणी वाया चाललंय!" साहेबांनी घाईने बंद केला आणि म्हणाले, "बघा, गावकरी किती जागरूक आहेत."

आम्ही सहा महिने हसलो. मग निधीची यादी आली. आजूबाजूच्या गावांना पाण्याची टाकी, बाळंतपणाचं टेबल, दिव्यासाठी बॅटरी. आमच्या गावाचं नावच नाही. सिस्टर तालुक्याला विचारायला गेली, तर तिथल्या बाबूने तिला अहवाल काढून दाखवला. पाणी आहे, खाट आहे, काटा आहे, पंखा आहे. "तुमचं केंद्र तर आदर्श हाय, ताई. ज्यांच्याकडं न्हाई त्यांना द्यायचं का तुम्हाला?"

त्याच पावसाळ्यात माझ्या सुनेचे दिवस भरले. कळा लवकर सुरू झाल्या. सिस्टर हात जोडून म्हणाली, पाण्याशिवाय, बाळंतपणाच्या टेबलाशिवाय मी इथे हात लावणार नाही, भोकरदनला न्या. बियाण्याच्या पोत्यांचा एक टेम्पो जालन्याला निघाला होता, तो थांबवून भोकरदनकडे वळवला. गयाबाई सोबत चढली. भोकरदन यायच्या आधीच, मक्याच्या पोत्यांवर माझा नातू झाला. त्याला अजून सगळे टेम्पो म्हणतात, आणि तो हाकेला ओ देतो. घरी आल्यावर मी पेढे वाटत होते. गयाबाईने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "वाचलं म्हणून वाटून राह्यली. गाडीत त्याला रडायला किती वेळ लागला, ते तुला ठाव न्हाई. त्या नळात पाणी म्या ओतलं, कौसे. म्या." मी म्हटलं, आपण सगळ्यांनीच ओतलं. ती म्हणाली, "घागर माझ्या हातात होती."

पुढच्या तपासणीच्या दिवशी गाव पुन्हा पलंग-पंखे घेऊन निघालं. उपकेंद्राला कुलूप. पायरीवर गयाबाई, किल्ली कमरेला.

"गया, दार उघड जल्दी. साहेब केदारखेड्याला आले," सरपंच म्हणाले.

"येऊ द्या. खोली झाडून ठिवलीय."

"रिकामी खोली दाखवतीस? गावाची अब्रू जाईल."

"गावाची अब्रू गावात ठिवा ना, भाऊ. माझ्या खोलीत कशाला आणून टाकता? आन् कौसे, तो मोर घेऊन घरी जा. त्याच्यावर आजवर एक बाई बाळंत झालेली न्हाई."

मी मोराची बाजू धरून उभी होते. खरं सांगते, मला तिचा राग आला. पलंग चौघांनी इथवर आणला होता, तो आता परत न्यायचा.

साहेब तेच होते. आत आले, बसायला खुर्ची शोधली, ती मोडकी. तोटी सोडली. थेंब नाही.

"मागच्या वेळी पाणी होतं."

"मागच्या येळी म्या होते, साहेब. भित्तीमागं."

सरपंच आढ्याकडे बघायला लागले. साहेबांना काही उमजेना. गयाबाईने त्यांना भिंतीमागे नेलं, नरसाळं दाखवलं, आणि भरून ठेवलेली घागर त्यांच्याच हातात दिली. म्हणाली, "ओता." साहेबांनी ओतलं! आत सिस्टरने तोटीखाली हात धरले. घागर रिकामी झाली. मग साहेब म्हणाले, "बाई, मला तुमच्यावर कारवाई करता येईल."

"करा ना. पर आधी लिवा, की पाणी न्हाई."

त्यांनी लिहिलं. कारवाई झाली नाही. आधी आला तो रंग, मग मोठी पाटी, दोन्ही न मागितलेले. मग बऱ्याच चकरांनी टाकी आली, मोटर आली आणि बाळंतपणाचं टेबल आलं, त्याचे स्क्रू सोडून. स्क्रू गयाबाईने जुन्या जालन्यातून स्वतः हुडकून आणले. त्या टेबलावर पहिलं बाळंतपण झालं त्या दिवशी तिने माझ्या घरी येऊन पेढा मागून खाल्ला.

ती गेल्यावर तिची जागा रिकामी झाली. गेल्या महिन्यात तपासणी निघाली तशी सरपंच माझ्याकडे आले. "काकू, एक दिवस तुम्ही उभ्या राहा. नव्या मॅडम हायत, त्यांना काय कळतंय. मदतनीस न्हाई म्हटलं तर बरं दिसत न्हाई." गयाबाईची कामाची साडी उपकेंद्रातच खुंटीला होती. मी ती नेसले. हे लपवत नाही. सवय वाईट असते. साडी मला आखूड झाली आणि तिला वास फिनेलचा होता... तशीच मी, ती झाडू घेऊन बसायची त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

मॅडमनी टेबल बघितलं, पाणी बघितलं, वही काढली. "मदतनीस कुठे आहेत?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मेली."

"मग तुम्ही कोण?"

"म्या उसनी आणलेली हाय. लिहून घ्या, जागा रिकामी हाय."

सरपंच माझ्याशी अजून बोलत नाहीत. जागाही अजून भरलेली नाही, कागद वर गेला आहे म्हणतात. तोवर आम्ही बायका पाळीपाळीने खोली झाडतो. तिचा कोपराही झाडतो, पण तिथे कुणी काही ठेवत नाही. परवा सिस्टरने नवी खुर्ची तिथे सरकवली, तर माझ्या सुनेने ती उचलून दुसरीकडे ठेवली. मी तिला काही सांगितलं नव्हतं.