पास होऊनही नापास

सकाळी आठला नारायणगावच्या आमच्या छोट्या प्रसूतिगृहात ओव्हर व्हायची. म्हणजे रात्रपाळीची सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरला एकेका कॉटशी उभं राहून सांगायची, ही बाई कशी आहे, रात्री काय झालं, आता काय करायचं. सगळं इंग्रजीत. मी तिथली मावशी. पोछा घेऊन त्यांच्या मागोमाग सरकायचे, आणि कान पुढं असायचे. 'पेशंट स्टेबल. बेबी फीडिंग वेल. नो फ्रेश कम्प्लेंट्स.' सात वर्षं हेच ऐकलं. मला इंग्रजी येत होतं ते एवढंच.

माझं गाव फार लांब, वाशिमकडे. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली, भावंडं लहान, म्हणून चार दिवस शाळेत गेले नाही. ते चार दिवस संपलेच नाहीत. लग्न झालं, नवरा टोमॅटोच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून इकडं आला, वारूळवाडीत खोली घेतली. पहिल्या दिवशी नळावर मी 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं तर शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. वर्षभरात मीही 'लई' म्हणायला लागले.

आमची मोठी सिस्टर आंबेगावच्या पश्चिमेकडची, डोंगरातली. तिच्या वाडीत नर्स झालेली ती पहिली. एकदा एक बाळंतीण घाबरून सलाइनची सुई काढायला निघाली, तिला मी बोलत बोलत शांत केलं. सिस्टर दारातून बघत होती.

"मावशे, तुझा हात चांगलाय. नर्सिंग कर की."

"सिस्टर, मी नववी."

"मग दहावी कर. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी बसून अभ्यास, परीक्षा बाहेरून. लई जणी करत्यात."

आणि तिथल्या तिथं तिनं हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर लिहिलं: बारावी पास. इंग्रजी पास. एकूण चाळीस टक्के. वय पस्तीसच्या आत. तो पुठ्ठा मी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला. रोज काढून वाचायचे, जसं काही रात्रीतून त्यात बदल होणार होता.

वय तेव्हा एकोणतीस. दहावी झाली. मग बाहेरून बारावीला बसायचं तर मध्ये दोन वर्षं थांबावं लागतं म्हणे, ती थांबले. बारावीचा फॉर्म भरला तेव्हा तेहतिसावं चालू होतं. गणित मी भांडी घासता घासता करायचे. प्रत्येक विषयात पस्तीस पडले की माणूस पास. पण सहाही विषयांत पस्तीसच पडले तर होतात दोनशे दहा, आणि चाळीस टक्क्यांना लागतात दोनशे चाळीस. म्हणजे पास होऊनही नापास! हे मला कळलं त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

"लेखीत तू काठावर राहशील," सिस्टर म्हणाली, "पण इंग्रजीला वीस मार्कांची तोंडी असती. तिथं उचल."

तोंडी जुन्नरला होती. नवरा मला जीपच्या स्टँडवर सोडायला आला. मी पिशवीतलं हॉलतिकीट तिसऱ्यांदा काढून बघितलं तेव्हा म्हणाला, "काहून भेतं वं? खाऊन थोडीच टाकणार हाय कोणी."

जीपमध्ये माझ्या शेजारी एक आजी, मांडीवर तांदळाचं गाठोडं. मी पाठ केलेल्या ओळी ओठांतल्या ओठांत घोळवत होते. माय फॅमिली इज स्मॉल अँड हॅपी. बऱ्याच वेळानं आजींनी कोपर मारलं.

"काय पुटपुटतीस गं? देवीचं काय?"

"नाही आजी, परीक्षा आहे. इंग्रजीची."

"आगं बाई! या वयात?" मग गाठोडं सावरत पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, "ये भाऊ, गाडी हळू घे जरा. हिचं सगळं सांडंल."

सगळी जीप हसली. मीही हसले, आणि तेवढ्यात खरंच सांडलं. वर्गात मॅडमसमोर बसले तेव्हा डोक्यात एक ओळ उरली नव्हती. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, कुटुंबाबद्दल सांगा. पंखा फिरतोय. आणि मग तोंड आपोआप उघडलं.

"माय हजबंड. थर्टी-एट इयर्स, मेल. जनरल कंडिशन फेअर. टू चिल्ड्रन, बोथ ॲक्टिव्ह, टेकिंग ऑरली. मदर-इन-लॉ, नोन केस ऑफ बीपी. येस्टरडे नाइट शाउटिंग. नाउ कम्फर्टेबल."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "तुम्ही काम कुठं करता?" असं मराठीत विचारलं. मी सांगितलं. मग पुन्हा इंग्रजीत: आणि तुम्ही स्वतः कशा आहात?

"सेल्फ, थर्टी-थ्री इयर्स, फीमेल. पल्स फास्ट. स्वेटिंग प्रेझेंट. वेटिंग फॉर रिझल्ट."

त्या एवढ्या हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

मी मात्र परतीच्या जीपमध्ये रडले. सिस्टरला सांगितलं तर ती कपाटाला टेकून खाली बसेपर्यंत हसली. "आगं, बाकीच्या पोरी पाठ केलेलं म्हनत्यात. तू बोललीस!" मला पटलं नाही. हसणारं माणूस मार्क देतंच असं कुठं आहे?

निकाल दुपारी एकला लागला. माझे हात साबणाचे, म्हणून मोबाइल सिस्टरनं धरला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघायचंही टाळून धुतलेल्या चादरींच्या ढिगाकडं बघत राहिले.

"इंग्रजी एक्केचाळीस," ती म्हणाली. "एकूण दोनशे शेहेचाळीस."

"चाळीसच्या वर आहे ना?"

"एक्केचाळीस टक्के."

"म्हणजे वर ना?"

"मावशे, आता परत इचारलंस तर बादली वतीन!"

तोंडीचे किती मिळाले हे वेगळं छापत नाहीत. पण लेखी मी काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे. त्या मॅडम पुन्हा भेटल्या नाहीत, त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं. मनात मात्र त्यांचे आभार रोज मानते.

नर्सिंगच्या प्रवेशाच्या यादीत माझं नाव शेवटून तिसरं होतं. मी ते खालून वाचायला सुरुवात केली होती, त्यामुळं लवकर सापडलं.

माझ्या कामाच्या शेवटच्या सकाळी नेहमीसारखी ओव्हर सुरू झाली. मीही नेहमीसारखा पोछा घेऊन मागं. शेवटून दुसरी कॉट रिकामी होती. सिस्टर तिथं थांबली, माझ्याकडं वळली आणि वहीत बघितल्यासारखं करून म्हणाली,

"मावशी. थर्टी-थ्री इयर्स, फीमेल. सेव्हन इयर्स हिस्ट्री ऑफ पोछा. टुडे डिस्चार्ज. फॉलोअप आफ्टर थ्री इयर्स, इन युनिफॉर्म."

बाळंतिणीसुद्धा हसायला लागल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं, पण ती धाकधूक काही जाईना.

"सिस्टर, आणि तिथं नाही जमलं तर?"

तिनं वही मिटली. "नो फ्रेश कम्प्लेंट्स," म्हणाली, आणि पुढच्या कॉटकडं गेली.