सोमारीच्या शेजारची जागा

सुकलू मडावी तसा गरीब स्वभावाचा, पण थडीचं नाव काढलं की त्याच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. कठाणी नदीच्या थडीला, अगदी काठालाच, गावाचं मसणवट. त्यांच्यात माणूस गेला की पुरतात आणि उशाशी दगड उभा करतात. त्याची बायको सोमारी तिथेच, मोहाच्या झाडाखाली. तिच्या शेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती. "बुढ्याले जायची लईच घाई," म्हणून लोक हसायचे.

दर पावसाळ्यात नदी थडी कुरतडायची. काठ मोहापासून दहा पावलांवर आला, तशी सुकलूची झोप उडाली. ग्रामसभेत तो उभा राहिला.

"आपलेच बुढे वाहून जातीन, अन् आपन पाहत बसू का?"

बोल बरोबर लागले. दर रविवारी घरटी एक माणूस यायला लागला. बांबू लावले, माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावलं. पायथ्याला दगडांची पाळ रचायची ठरली, तिथे घोडं अडलं. उभ्या दरडीवरून ट्रॅक्टर उतरणार कसा? सुकलूनेच कुदळ उचलली. "इथी उतार काढू. काम झालं का बुजवून टाकू."

पाळ झाली. म्हातारा आठवडाभर तिच्याच गोष्टी सांगत फिरला. उतार बुजवायचं मात्र राहिलं. धानाची कापणी आली, मग लग्नं आली. उद्या करू, परवा करू.

रेतीवाल्यांना काय, आयताच रस्ता मिळाला. रोजचे वीस-वीस ट्रॅक्टर उतरायला लागले. सुकलू ट्रॅक्टरपुढे आडवा पडला, पोलीस पाटील लटारूने तक्रार लिहिली, गाव चार दिवस पहाऱ्याला बसलं. पाचव्या दिवशी पाहावं तर रेती भरायला गावातलेच चौघे. आता बोलावं कोणाला? साहेब आले, फोटो काढून गेले. नदीचं पात्र पुरुषभर खोल गेलं आणि पाळीचा पाया उघडा पडला.

भादव्यातल्या पुराने मग वेळ लावला नाही. पाणी त्याच उतारातून आत घुसलं. बांबू गेले, दगड गेले, मोह गेला, सोमारी गेली.

पूर ओसरल्यावर सुकलूला कोणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसवलं नाही. "तिले न्यायले मीच नदीले वाट करून देल्ली," तो म्हणाला. लटारूने खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला.

पुढच्या रविवारी तो एकटाच कुदळ घेऊन काठावर गेला. बुजवायला आता उतारही उरला नव्हता. दुपार झाली तरी तो तिथेच बसून. शेवटी सून करिश्मा बोलवायला आली.

"मामाजी, चाला घरी. जेवले नाई तुमी."

तो उठला. चार पावलं चालून थांबला. "बाई, मी मेलो का मले जाळून टाकजो."

करिश्मा जागीच थबकली. त्यांच्या घरात आजवर कोणाला जाळलं नव्हतं.

"असं काऊन बोलता, मामाजी?"

"राख याच पान्यात सोडजो," सुकलू म्हणाला. "माही जागा तिकडंच गेली."