चुंबळ बदलली, पाटी तीच

मुंबईतल्या एका संग्रहालयाने दोन बायांना फसवलं. त्यातली एक माझी आई. दुसरी कोण ते मला माहीत नाही, आणि माझा अंदाज असा की संग्रहालयालाही माहीत नाही.

वसईतल्या माणिकपूरला माझं दुकान आहे. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, लोणची, मसाले, वाडीतली केळी आणि भाजी. ते मला कुणी मांडून दिलेलं नाही. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून मी सुरुवात केली. आज गोणपाटाच्या जागी शटर आहे. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. माझा आवाज लवकर चढतो अशी तक्रार आहे, ती मला मान्य आहे.

दुकानात गल्ल्याच्या मागे, खिळ्याला आईची चुंबळ टांगलेली असायची. डोक्यावर टोपली घेताना खाली ठेवायचं ते कापडाचं कडं. आईने चाळीस वर्षं वाडीतून बाजारापर्यंत भाजी डोक्यावरून नेली. त्यातल्या शेवटच्या कितीतरी वर्षांची ही एकच चुंबळ. तिच्याच फाटक्या लुगड्याची, आत केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट वळून घातलेलं. इतकी वर्षं खोबरेल आणि घाम पिऊन ती चामड्यासारखी झाली होती. तिचा मूळ रंग कुठला होता, हे आईलाही आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण बाई सुकेळी घ्यायला आली. आधी सुकेळ्यांचा भाव विचारला, मग लोणच्याचा, आणि दोन्ही वेळा नजर खिळ्याकडे गेली. गिऱ्हाईक ज्याचा भाव विचारत नाही तेच त्याला हवं असतं, हे मी गोणपाटावरच शिकले. मी सुकेळी तोलत राहिले. शेवटी तिने सांगितलं, ती मुंबईतल्या संग्रहालयात काम करते. ओझी वाहायच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं आहे. चुंबळ काही महिने उसनी मिळेल का?

पैसे मी मागितले नाहीत. पैसे घेतले की वस्तू त्यांची होते आणि मग ते तिचं काहीही करतात. मी अटी घातल्या. धुवायची नाही. उसवून आत काय आहे ते बघायचं नाही. न्यायला तुमचा माणूस येईल, परत आणून द्यायलाही तुमचाच माणूस येईल. मॅडमनी सगळं मान्य केलं. मग मी विचारलं, खाली पाटीवर काय लिहिणार?

त्यावर आमचं तीन दिवस चाललं. त्यांनी लिहून आणलं होतं : डोक्यावर ओझे वाहण्यासाठी वापरले जाणारे साधन, कापड व वनस्पतिजन्य तंतू, कोकण किनारा. मी म्हटलं, ही औषधाची बाटली आहे का? कोकण किनारा केवढा मोठा, त्यात माझी आई कुठे शोधायची? फोनवर एकेक शब्द ओढून घेतला. वसई आलं. वाडी आलं. वनस्पतिजन्य तंतू जाऊन केळीचं सोपट आलं. नाव मात्र आईने घालू दिलं नाही. तिचं म्हणणं, बाजारात सगळ्याच बायांच्या डोक्यावर तसलीच होती, मी एकटीने काय दिवे लावले? मग मी शेवटच्या ओळीसाठी हट्ट धरला. मॅडम म्हणाल्या, असं संग्रहालयाच्या पाटीवर लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग चुंबळ खिळ्यावर बरी आहे. दोन दिवसांनी त्यांचा होकार आला.

पाटी अशी झाली : वसईच्या वाडीतून बाजारापर्यंत चाळीस वर्षे रोज भाजी वाहणाऱ्या बाईने स्वतःच्या फाटक्या लुगड्याची वळलेली चुंबळ. आत केळीचे सोपट. ती बाई अजून आहे.

आयुष्यात मी केलेला तो सगळ्यात चांगला सौदा, असं मला वाटत होतं.

प्रदर्शन उघडलं तेव्हा आम्हाला बोलावणं होतं. आम्ही गेलो नाही, आणि ही चूक आमचीच. सुकेळ्यांचा हंगाम होता. सोललेली राजेळी केळी मांडवावर उन्हात असताना आमच्यात घर सोडून कुणी जात नाही. सकाळी पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, आणि सात-आठ दिवसांत एक दिवस जरी हात फिरला नाही तर घाणा फुकट. एक घाणा उतरला की दुसरा चढतो. मॅडमनी फोनवर फोटो पाठवला. आईने बघितला आणि म्हणाली, फोटोत माल चांगलाच दिसतो, जाऊन बघेन तेव्हा खरं. तिची तेवढीच इच्छा होती : काचेतली आपली चुंबळ एकदा डोळ्यांनी बघायची. प्रदर्शन उन्हाळ्यापर्यंत आहे, असं कागदावर छापलेलं होतं. घाई कसली?

होळीनंतर आम्ही गाडी केली. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांत सोनचाफा माळला. वाटेत चालकाला ती सांगत होती की मुंबईत तिची एक वस्तू राहते, तिला भेटायला चाललोय. (आमच्या घरची बोली वेगळी आहे. ती अशी कागदावर बसत नाही, म्हणून आईचं बोलणं मी शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. तिच्या तोंडी ते याहून तिखट असतं.)

आत थंडगार. आई एकेका काचेपाशी थांबत होती. मिठागरातली कावड बघून म्हणाली, ह्याचे खांदे गेले असतील. हमालाचा पाठीचा पट्टा बघून, हा मधे फाटल्यावर पुन्हा शिवलाय, बायकोने शिवलाय, पुरुषाचा टाका असा नसतो. आमची पाटी मला लांबूनच दिसली. मी पुढे झाले आणि तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचायला लागले. तीन ओळी वाचल्या. ‘ती बाई अजून आहे’ म्हटलं आणि वळून तिच्याकडे बघितलं. ती पाटीकडे बघतच नव्हती.

“हे माझं नाही,” ती म्हणाली.

काचेत लाल मखमलीचं कडं होतं. मणी, आरसे, कवड्या, खाली लोंबणारे गोंडे. दिसायला देखणं, त्याबद्दल वाद नाही. परप्रांतातल्या कुठल्याशा लग्नातलं असावं. आणि त्याच्या खाली वसई, वाडी, फाटकं लुगडं, केळीचं सोपट.

पहारेकऱ्याने आईला काचेपासून मागे व्हायला सांगितलं. “हात लावत नाही रे बाबा,” आई म्हणाली, “माझी चुंबळ कुठे गेली ते बघतेय.” माणूस भला होता. त्याने सांगितलं, कापडाच्या वस्तू तीन महिन्यांच्या वर उजेडात ठेवत नाहीत, आळीपाळीने बदलतात, मागच्या महिन्यात बदलली. पाटीचं विचारलं तर तो म्हणाला, ते वरच्या लोकांचं काम.

मी मॅडमना खाली बोलावलं. बोलावलं म्हणजे कसं, ते त्या दालनातल्या सगळ्यांनी ऐकलं.

त्या आल्या, आईच्या पाया पडल्या आणि समजावू लागल्या. उजेडाने कापडाचा रंग उडतो.

“रंग होता कुठे?” आईने विचारलं.

चुंबळ अगदी सुरक्षित आहे, खास डब्यात, थंड खोलीत. आई म्हणाली, चाळीस वर्षं आम्ही दोघी उन्हात होतो तेव्हा कुणाला काळजी नव्हती. मग ती डब्यातली तरी दाखवा. ते जमणार नव्हतं. अर्ज लागतो, सही लागते, आणि सही करणारे साहेब रजेवर. नव्या पाट्या छापायला दिल्यात, दोन दिवसांत येतील. आणि मग मॅडम जे बोलल्या त्याने माझं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, “तशी दोन्हीमागची भावना एकच आहे ना.”

माल फिरवणं मला कुणी शिकवू नये. दुपारी चार वाजता मी स्वतः वरची भाजी खाली आणि खालची वर करते. त्यांनी चुंबळ आत ठेवली याचा मला राग आला, पण तो मी गिळला असता. माल बदलला की पाटी बदलायची असते, एवढंच. नाही बदलली तर त्याला आमच्या बाजारात एकच शब्द आहे.

तो शब्द मला माहीत आहे, कारण तो मी ऐकून घेतलेला आहे. दुकानाच्या पहिल्या वर्षी वाडीतली राजेळी कमी पडली म्हणून मी बाहेरून ट्रकने आलेली केळी वसईची म्हणून टांगली. दिसायला तशीच होती. गिऱ्हाइकाला कळलं नाही. आई दुपारी दुकानात आली, एक फणी हातात घेतली आणि भर रस्त्यावर मला चोर म्हणाली. मग खाली बसून शंभर केळ्यांतून तिने आमची अठरा वेगळी काढली, त्यांनाच पाटी लावली, आणि बाकीच्यांवर मला ‘बाहेरची’ असं लिहायला लावलं. त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला होता. आज मी सांगते, त्या दिवसापासून माझं दुकान चाललं.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांनाही वाईट वाटत असावं, पण वाईट वाटण्याने पाटी बदलत नाही. आईने मखमलीच्या कड्याकडे बोट केलं.

“ह्या मण्यांवर टोपली ठेव, बाळा, आणि चार पावलं चालून दाखव. मग सांग भावना एक आहे का.”

मॅडम अर्ज शोधायला वर गेल्या. मी ठरवलं, निघायचं नाही. काचेपुढे उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, ही पाटी ह्या वस्तूची नाही. आवाज बाजाराचाच लावला. दुसरा मला येत नाही. पहारेकऱ्याने एकदा मला गप्प राहायला सांगितलं, आणि मग आईला खुर्ची आणून दिली. एक शाळा आली. शिक्षिकेने पाटी वाचून मुलांना सांगितलं, बघा, पूर्वी बायका किती सुंदर वस्तू डोक्यावर घेत. आई खुर्चीतून उठली. माझी ओढणी खेचून घेतली, दोन्ही हातांत पीळ दिला, टोक आत खोचलं. अर्ध्या मिनिटात चुंबळ तयार. एका मुलीचं दप्तर तिने त्यावर ठेवलं आणि हात न लावता दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली. पाठ ताठ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिकेने विचारलं, आजी, तुम्ही कोण? आईने पाटीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पहारेकरी दुसरीकडे बघत होता.

परत येताना आई खुशीत होती. चुंबळ बघायला गेली, चालून आली, तिचं समाधान झालं. माझं झालं नाही. मी दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपली सूचना नोंदवून घेतली आहे. ही सूचना नाही, तक्रार आहे. माझ्या ओळखीचा एक जण मागच्या आठवड्यात जाऊन आला. त्यांचे दोन दिवस अजून संपलेले नाहीत. मखमल तिथेच, आणि माझ्या आईचे शब्द तिच्याखाली.

त्या मखमलीशी माझं भांडण नाही. ती कुणाच्या तरी हातची आहे. मणी ओवणाऱ्या त्या बाईची बोटं टोचली असतील, डोळे दुखले असतील. तिच्याही गावाचं नाव असेल. तिच्या कामाखाली दुसरीचं आयुष्य चिकटवून तिला पुसून टाकलं, आणि तिला तर हे माहीतही नाही. तिच्या बाजूने भांडायला कुणी गेलेलं नाही, म्हणून तिचंही भांडण मीच घेते.

तेव्हा मला एवढंच हवं आहे. वस्तू बदलताना पाटी तशीच ठेवा, असं ज्याने ठरवलं, किंवा ज्याने काहीच ठरवलं नाही आणि पुढच्या काचेकडे वळला, त्याने माणिकपूरला यावं. सकाळी अकरापर्यंत आई दुकानात असते. गल्ल्यामागचा खिळा अजून रिकामा आहे. त्याच्याखाली उभं राहून तिला तोंडावर सांगावं, की ते शब्द कुणाचे आहेत. आणि नंतर त्या दुसऱ्या बाईचं गाव शोधून काढावं, आणि तेच तिलाही सांगावं.