माझा सगळ्यात गाजलेला पेपर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, विभागातल्या सहकाऱ्यांना नाही, आणि आकड्यांशी खेळायचं नाही असं ज्यांना वर्षानुवर्षं बजावत आले त्या विद्यार्थ्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे — निदान सुरुवातीला तरी.

मी छातीच्या आजारांची डॉक्टर. चंद्रपुरात शिकवते, ओपीडी बघते, पेपर लिहिते. आमच्यात माणसाची किंमत करायचं एक माप असतं: तुमचा पेपर किती जणांनी आपल्या पेपरात आधाराला घेतला, म्हणजे सायटेशन. माझे बहुतेक पेपर मी सोडून कुणी वाचले नसावेत. एक मात्र धावला. परदेशातले लोकही त्याचा आधार घेतात. मी प्रोफेसर झाले त्यात त्याचा मोठा वाटा. कॉलेजने त्यासाठी सत्कार करून शाल दिली. ती शाल अजून चांगली ऊब देते.

पेपर काय म्हणतो? की सिंदेवाहीकडच्या एका गावातल्या, जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा बरीच दणकट निघाली. नवल वाटावं असा निष्कर्ष. आणि नवल वाटलं की लोक आधाराला घेतात — हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. की होतं? थोडं होतं.

त्या गावातल्या तपासणीच्या दिवसाइतका मजेचा दिवस माझ्या नोकरीत दुसरा नाही. धान कापून झालं होतं, बायकांना सवड होती. समाजमंदिरात मी यंत्र मांडलं. नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा फुंकून टाकायचा. किती हवा, किती वेगाने, ते यंत्र सांगतं. फुंकणं! रोज फुंकणीने चूल पेटवणाऱ्या बायकांना ते मी शिकवणार होते का? पहिल्या दोघी फुंकून उठल्या तोवर दोन तट पडलेसुद्धा — तलावाकडची आळी आणि रस्त्याकडची आळी.

"फुक व शशे, फुक! चूल इझून राह्यली तुही!"

ही शशी म्हणजे शशिकला. तलावात छातीभर पाण्यात उतरून शिंगाडे काढणारी, खांदे पैलवानाचे. तिने फुंकलं आणि पडद्यावरची रेघ अशी उसळली की टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

मग नाव पुकारलं ते तिच्या थोरल्या जावेचं, ताराबाईचं. ताराबाई भिंतीला टेकून बसली होती. उठली, खोकली, परत बसली. आळीचा मान जायला नको — म्हणून शशी पुन्हा पुढे झाली आणि तिने जावेच्या नावाने फुंकलं. ते बघून रस्त्याकडच्या आळीनेही आपल्या दम लागणाऱ्या बायकांना बसवून ठेवलं आणि धडधाकट तेवढ्या पुढे केल्या.

आणि मी? इथेच मी इतकी वर्षं अडखळते. मी — पाहिलं. समोर तीच हिरवी साडी, तेच खांदे. मी नजर पडद्याकडे वळवली आणि म्हटलं, "पुढची."

का? रंगलेला डाव मोडू नये म्हणून, असं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. आकडे सुंदर येत होते म्हणून.

पेपर छापून आला. धुराने एवढं काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या हाती तो आयता पडला. त्या गावात तपासणीला पुन्हा कुणी गेलं नाही. दणकट फुप्फुसं कशाला तपासायची? मीही गेले नाही.

यंदा उन्हाळ्यात ताराबाईच माझ्या ओपीडीत आली. जिना चढून दम लागलेला, पण जीभ शाबूत. सोबत शशी.

"अवो बाई, वळखलं नाई का? तुमच्या मशीनीत माह्या नावानं हे भवानी फुकली होती!"

शशी तोंडाला पदर लावून हसली. "बाईले कायचं ठाऊक? बाई तं टीव्हीत पाहून राह्यल्या होत्या."

मीही हसले. ठाऊक होतं, असं म्हणाले नाही.

या वेळी नळी मी स्वतः ताराबाईच्या हातात दिली. रेघ जेमतेम उठली. औषधाचा पंप दिला, बाकावर बसवलं, थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावलं. शशीला कुठला धीर? "फुक व बाई, चूल इझून राह्यली!" बाहेर ताटकळलेले पेशंट दारात गोळा झाले, तेही ओरडायला लागले. आणि रेघ वर सरकली. थोडी, पण सरकली! माझ्या ओपीडीत टाळ्या याआधी कधी पडल्या नव्हत्या.

"शशीले हरवलं का मी?"

"नाही. पण मघाच्यापेक्षा जास्त."

"मंग झालं तं!" ताराबाई म्हणाली.

"आता पाहा, रोज भांडते हे माह्यासंग," शशी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

आता ताराबाई जिन्यात एकदाच थांबते, आणि तेवढं सांगायला मुद्दाम माझ्या खोलीत डोकावते. ती येते त्या दिवसाची मी वाट बघते.

या आठवड्यात मी जर्नलला कळवलं, पेपर मागे घ्या. त्यात लिहिलं, 'मोजमापात चूक आढळली.' आढळली? ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. ते वाक्य आज बदलून पाठवते आहे.

परवा ताराबाईने सहज विचारलं, "तवा मी सोता फुकली असती, तं किती आलं असतं वो बाई?"

तिच्या तेव्हाच्या श्वासाचा आकडा कुठेच नाही. त्या जागी शशीचा आहे, आणि त्यावर माझं नाव.