विहारातला रिकामा खिळा

रामाजी गुरुजींना नकाशाचं भारी वेड. वर्गात पोरं चार का असेनात, फळ्यावर हिंदुस्थान काढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. खाली लंका काढायची आणि तिच्यात खडूचा एक ठिपका द्यायचा. "हे अनुराधापूर. इथं बोधीवृक्ष आहे. बावीसशे वर्षं झाली, अजून पानं फुटतात." मग पोरांकडं अशा तोऱ्यात बघायचे, की त्या झाडाला रोज पाणी हेच घालून येतात.

तेलुगू मुलखाच्या कडेला, गुडीहत्नूरहून आत, गाडीवाटेवरचं ते गाव. बापानं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला आणि पोरगा त्याच गावच्या मराठी शाळेत मास्तर झाला. त्यामुळं गुरुजींची मान जरा ताठच असायची. असू दे की, कमावलेली होती. त्यांचा एकुलता एक यशवंत महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सागरच्या छावणीत ट्रेनिंग करून गणवेशात घरी आला, तेव्हा तर गुरुजी त्याला घेऊन कारण नसताना बाजारात तीन चकरा मारून आले.

सत्त्याऐंशी साल. पावसाळ्यातले, कपाशीच्या डवरणीचे दिवस. हिंदुस्थान आणि लंकेचा करार झाल्याची बातमी रेडिओवर आली, पाठोपाठ आपली शांतीसेना निघाली, आणि पंधरवड्यात यशवंतचं फौजी पत्र आलं. 'बाबा, आमचीही पलटण लंकेला चालली. पत्र फौजी टपालाच्या पत्त्यावर, मारफत छप्पन्न एपीओ, असं लिहा.' गुरुजींचा आनंद पोटात मावेना. त्या संध्याकाळी त्यांनी शाळेच्या ओसरीवर फळा मांडला आणि जमलेल्या लोकांना परराष्ट्र धोरण समजावून दिलं.

"शेजाऱ्याच्या घरात भावाभावाचं भांडण. उद्या तिसरा कोणी भांडण मिटवायच्या नावानं तिथं येऊन बसला, तर धोका आपल्या अंगणाले. त्यापेक्षा आपण गेलेलं बरं. अन् बोलावलं कोणी? त्यायनंच बोलावलं!"

पलीकडच्या आळीतले चंपतराव, कापूसवाले शेतकरी, गुरुजींचे लहानपणापासूनचे सोबती. तंबाखू मळत म्हणाले, "गुरुजी, बोलावलं एका भावानं. दुसऱ्याले विचारलं काय?"

"तुमी वावर सांभाळा," गुरुजी म्हणाले आणि लोक हसले. चंपतरावही हसले. काय दिवस होते ते. एका रेडिओभोवती अख्खं गाव बसायचं, आणि एकमेकांना टोचल्याशिवाय बातम्या पचायच्या नाहीत.

गुरुजींनी मुलाला उलट टपाली लिहिलं, 'अनुराधापूरला जा. बोधीवृक्षाचं एक पान आण. गळालेलं, तोडू नको.' एवढ्यावर थांबतील तर ते गुरुजी कसले. गावच्या बुद्धविहारात वंदनेनंतर उभं राहून जाहीर करून टाकलं, की पान येणार. उटनूरकडच्या सागाची चौकट करवून घेतली, काच बसवली आणि बाबासाहेबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी स्वतः खिळा ठोकून ती रिकामीच टांगली. लोक गमतीनं विचारायचे, "गुरुजी, काचेलेच हात जोडावं काय?" गुरुजी म्हणायचे, "धीर धरा."

लंका म्हणजे बुद्धाचा देश आणि आपला मुलगा तिथं पाहुणा, एवढंच त्यांच्या डोक्यात. फळ्यावरच्या लंकेत त्यांनी आजवर तो एक ठिपका सोडून दुसरं काही काढलंच नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास रेडिओवर जाफना, जाफना सुरू झालं. तिथं दुसऱ्या भावाकडचे जे बंडखोर करारानं हत्यारं खाली ठेवणार होते, त्यांनीच ती आपल्या जवानांवर रोखली. यशवंतचं पत्र येईना. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दुसरा लागला. टपालवाला तेलुगू माणूस, मोठा भला. लांबूनच सायकलवरून हात हलवायचा, "लेदू, गुरुजी." नाही म्हणून. गुरुजींच्या बायकोला, द्वारकाबाईंना, तेलुगूतलं दुसरं काही कळत नसे, पण तो शब्द ऐकला की त्या हातातला घास परत ताटात ठेवायच्या.

विहार झाडायचं काम द्वारकाबाईंचं. एके दुपारी झाडता झाडता त्या थांबल्या, चौकट काढली, पदरात धरली आणि तडक शाळेत आल्या. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या वर्गाचा उंबरठा ओलांडला नव्हता. आज पोरांसमोर त्यांनी ती चौकट टेबलावर ठेवली.

"भिंतीवर रिकामी चौकट लावून कोणाच्या फोटूची वाट पाहून राह्यले तुमी?"

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. पाठीमागं फळ्यावर लंका होती.

"पान काऊन मागता? पोरगं मागा," द्वारकाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. गुरुजी रिकाम्या वर्गात बसून लहान पोरासारखे रडले. मग त्यांनी पत्र लिहिलं, आयुष्यातलं सगळ्यात छोटं. 'पान नको. तू ये.'

उत्तर आलं पौषात. तीन ओळी, अक्षर वाकडं, पण अक्षर त्याचंच. तिथून पुढं सव्वादोन वर्षं गुरुजींनी ओसरीवर फळा मांडला नाही. मधे आपली फौज मालदीवला उतरून तिथलं बंड दोन दिवसांत मोडून आली, तेव्हा चंपतराव मुद्दाम बातमी घेऊन आले. गुरुजी नुसते "बरं झालं" म्हणाले. पुढं लंकेचं नवं सरकारच म्हणायला लागलं, की आता फौज परत न्या.

"बोलावलं त्यायनं, घालवलंही त्यायनंच?" चंपतरावांनी हळूच विचारलं. त्या विचारण्यात टोचणी नव्हती.

"हो," गुरुजी म्हणाले.

नव्वदच्या चैत्रात यशवंत आला. गुडीहत्नूरच्या फाट्यावर बसमधून उतरला, वाळलेला, काळवंडलेला. द्वारकाबाईंनी त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय चाचपून पाहिले आणि मगच चुलीकडं वळल्या. गुरुजींनी पानाचा विषय काढला नाही. जेवण झाल्यावर यशवंतनंच काढला.

"बाबा, तुमचं पत्र भेटलं होतं, पान नको म्हणून. तरी मनात होतं. अनुराधापूर काही पाह्यलं नाही. पण एकदा गाडी बिघडून रस्त्यात थांबलो. बाजूले लहानसं विहार होतं, पिंपळ होता, खाली पानंच पानं. म्हटलं, हेच नेऊ बाबाले. एक म्हातारी झाडून राह्यली होती, आपल्या आईसारखी. मी बूट काढून आत गेलो. तिनं माझ्याकडं पाह्यलं, खराटा टाकला, अन् माझ्यासमोर हात जोडून थरथरा कापाले लागली. बूट काढता येते, बाबा. बंदूक कुठं ठेवू? तसाच मागं फिरलो."

गुरुजींनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बुद्धपौर्णिमेला विहार भरलं. पान येणार म्हणून शेजारच्या गावचेही लोक आलेले. गुरुजींना थाप मारता आली असती. दारातच पिंपळ होता, कोणाला काय कळणार होतं? पण गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "पान आलं नाही. पोरगं आलं." मग त्या म्हातारीची हकिकत जशीच्या तशी सांगितली. "मी तुमाले सांगितलं होतं, त्यायनं बोलावलं म्हणून. त्या बाईले कोणी विचारलं नव्हतं. चंपतराव बरोबर होते." मागं बसलेले चंपतराव मान खाली घालून तंबाखूची पुडी चाळवत राहिले.

यशवंत पुढं फौजेतून सुटून उटनूरला नोकरीला लागला. चौकटीत शाळेचं वेळापत्रक गेलं. गुरुजी फळ्यावर लंका काढतच राहिले, पण ठिपके आता खूप द्यायचे आणि पोरांना प्रत्येक ठिकाणी कोण राहतं ते सांगायचे. सत्त्याण्णवला विहाराला चुना देताना रंगाऱ्यानं भिंतीतला तो गंजका खिळा उपटायला पक्कड लावली. निवृत्त झालेले गुरुजी दारात बसले होते, ते काठी टेकत उठले.

"राहू द्या तो. त्याच्यावर कोणाचा फोटू टांगावा लागला नाही, हे तिले रोज दिसू द्या."

आत द्वारकाबाई झाडत होत्या.