भंडारा न लागलेली जीप

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणी घोड्यांच्या शर्यतीचा विषय काढला की मला घनसावंगी तालुक्यातला एक जळलेला गोठा आठवतो. शर्यत पुण्याची, गोठा तीर्थपुरीच्या बाजूचा आणि दोन्हींच्या मधे सापडलेला एक प्राथमिक शाळेचा गुरुजी. नावं कुणाचीच सांगत नाही. ती मंडळी अजून तिथेच राहतात आणि आपापसात बोलतात, हेच पुष्कळ आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी त्या ठाण्याचा फौजदार होतो. पावसाळा ओसरला होता. एका सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना एक शेतकरी आला आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर मटकन खाली बसला. आदल्या संध्याकाळी त्याचा गोठा जळाला होता. कडबा गेला होता आणि दावणीचा एक बैलही गेला होता.

"आग गुरुजीनंच लावली साहेब. म्या डोळ्यानं पाह्यलं," तो म्हणाला.

गुरुजीचं शेत त्याच्या शेजारी आणि दोघांत बांधावरून जुना वाद. त्याची फिर्याद घेऊन जाळपोळीचा गुन्हा दाखल केला, पंचनामा उरकला आणि गुरुजीला बोलावलं.

गुरुजी शांत माणूस. "मी गावात नव्हतोच. जेजुरीला गेल्तो," म्हणाला. मुलगी मोठ्या तापातून उठली होती, तिच्यासाठी बायकोने खंडोबाला नवस बोलला होता. तो फेडायला शनिवारी भल्या पहाटे तीन मित्रांबरोबर निघाला आणि सोमवारी सकाळी परतला. मित्र म्हणजे एक जीपवाला, एक बियाण्यांचा दुकानदार आणि एक शिंपी. तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघांनीही सांगितलं, "पहाटे गड चढलो, गर्दी बेताची होती, दर्शन चांगलं झालं." शब्दाला शब्द जुळत होता. शाळेत कविता पाठ म्हणून घ्यावी तसं.

मी उठून बाहेर गेलो आणि आवारात उभी असलेली त्यांची जीप पाहिली. जेजुरीला भंडारा कसा उधळतात हे ठाऊक असलेल्याला जास्त सांगायला नको. आठवडाभर कानातून हळद निघत राहते. त्या जीपच्या सीटवर पिवळा ठिपका नव्हता. जीप धुतली म्हणावी तर टपावर धुळीचा थर. चौघांच्याही कपाळाला मात्र ताजा टिळा.

गुरुजीला परत आत घेतलं. "तुम्ही जेजुरीला गेलाच नव्हता," असं म्हटल्यावर तो गप्प झाला. गुन्हा अजामीनपात्र आहे, अठ्ठेचाळीस तासांवर कोठडी झाली की निलंबन ठरलेलं, हे त्याला नीट समजावलं. नोकरी जाईल म्हटलं, तुरुंग होईल म्हटलं. शेवटी तो एवढंच बोलला, "काय लिहायचं ते लिहा साहेब. पण माझ्या घरी काही विचारू नका."

खोटी साक्ष, जुनं वैर आणि वर हे बोलणं. अटकेची तयारी करायला मी हवालदाराला सांगितलं.

तेवढ्यात चहा आला. बसथांब्याजवळचा हॉटेलवाला स्वतःच घेऊन आला होता. ठाण्याला खबर द्यायची असली की त्याचा पोऱ्या यायचा नाही, तोच यायचा. कप ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "साहेब, ह्यांची जेजुरी लई पळती बघा. सकाळी माझ्या हॉटेलात शिंपी आन दुकानदार भांडून राह्यले होते. लाल घोडा पुढं होता का काळा, आन पडला कोण, ह्याच्यावर."

मग मी तिघांना तीन ठिकाणी बसवलं. एक मुद्देमालाच्या खोलीत, एक मागच्या अंगणात, एक माझ्यासमोर. जेजुरीचं नावच काढलं नाही. तिकडच्या वाटेवर पुणं लागतं आणि त्या दिवसांत तिथे रविवारी रेस असते, एवढं मला ठाऊक होतं. प्रत्येकाला सरळ विचारलं, "काल पुण्याला रेसमध्ये घोडा कसा काय पडला?"

"घोडा कुठं पडला साहेब?" शिंपी पटकन बोलून गेला. "वर बसलेला माणूस पडला. हिरवा रेशमी सदरा व्हता त्याचा, शिवण बिलकुल दिसत नव्हती!"

दुकानदार म्हणाला, सदरा निळा होता. जीपवाला म्हणाला, सदऱ्याचं काय घेऊन बसलात, तो पडला ते शेवटच्या वळणावर आणि उठून लंगडत गेला. तिघांना समोरासमोर आणलं तर माझ्यादेखत भांडण जुंपलं. वळण मात्र तिघांचं एकच होतं आणि वेळही एकच. तेव्हा माझी खात्री पटली. पुण्यात ते ज्या लॉजवर उतरले होते, तिथे ट्रंक कॉल लावला. मॅनेजर म्हणाला, "तेच चौघं ना, जिन्यात घोड्यांवरून भांडणारे? काल रात्री उशिरा गेले."

गुरुजीला हे सांगितलं तेव्हा तो रडला. शनिवारी शहराबाहेरच्या एका फार्मवर त्यांनी घोडे पाहिले, दुपारी रेसकोर्सवर गेले. रविवारी पहाटे जेजुरी ठरली होती, पण पाय निघाला नाही आणि तो दिवसही रेसकोर्सवरच गेला. "एवढं देखणं जनावर मी जन्मात पाह्यलं न्हवतं साहेब. नवसाचा नारळ शाळेच्या कपाटात लपवला. पोरगी आजारी पडल्यापासून घरची अनवाणी व्हती. नवस फिटला म्हणून आज सकाळी तिनं चप्पल घातली. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

राहिला फिर्यादी. त्याला विचारलं, गोठ्यात उजेड कशाचा होता? "लाइन गेल्ती. कंदील म्याच टांगला व्हता. बैलानं हिसका देला आसंल." मग गुरुजीला पाहिलं कसं? "पाह्यलं न्हाई साहेब. पण दुसरं कोण लावील, असं वाटलं." आणि बैलाचं नाव घेऊन तो हमसून रडला. मला त्याचा राग आला नाही. त्याचा पुरवणी जबाब घेतला आणि चुकीच्या समजुतीची फिर्याद म्हणून अहवाल कोर्टाकडे पाठवला.

गुरुजीची बायको दुपारपासून व्हरांड्यात बसून होती. मी गुरुजीला तिच्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, हे मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. त्याने सांगितलं. ठाण्यातले आम्ही सगळे उगाचच कामात गढल्यासारखे झालो. वाकून तिने चपला काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

"धरा. जेजुरीपस्तोर आता तुमीच न्या." मग दोन पावलं जाऊन ती मागे वळली. "आन घोडे पाहायचे व्हते तर मला बी न्यायचं. म्या काय न्हाई म्हणले असते?"

हातात चपला घेऊन गुरुजी तिच्यामागे फाटकाबाहेर गेला.

त्या दिवसापर्यंत संशयित गप्प बसला की तो गुन्हा लपवतोय असंच मी धरून चालायचो. गुरुजी तर बायकोपासून एक हौस लपवत होता आणि तेवढ्यासाठी नोकरी घालवून तुरुंगात जायला तयार झाला होता. कायद्याच्या भीतीपेक्षा घरच्या माणसाची भीड मोठी असते, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे समोरचा माणूस मुका झाला की मी आधी त्याला पाणी द्यायचो, बाकीच्यांना बाहेर पाठवायचो आणि विचारायचो, "घरी काय सांगून निघाला होतात?"