जिन्याच्या वळणावर

तो मूळचा नांदेडचा, पण गेली सहा वर्षं लातूरच्या आमच्या बास्केटबॉल क्लबकडून खेळतो. आता चाळिशीला आलाय. मैदानात तो फारसा पळत नाही. कोपऱ्यात उभा राहून मानेनंच पोरांना जागा दाखवतो, आणि चेंडू हातात आला की बास्केट ठरलेली. कुणी वय काढलं तर म्हणतो, "पोरं पळून राहिली ना सर. मी कशाला पळू?"

क्लबचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो थांबतो आणि वाकून बुटाची नाडी बांधतो. मला वाटायचं, माणूस लई टापटीप.

मागच्या महिन्यात त्याच्याशी पाच वर्षांचा करार करायचा विषय निघाला. त्याला ठेवलं तर दोन नव्या खेळाडूंना नाही म्हणावं लागणार होतं. कमिटीत दोघं हो म्हणाले, दोघं नाही. पाचवा मी.

बैठकीच्या दिवशी जिन्यात तो माझ्या पुढं होता. वळणावर नेहमीसारखा वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

वाकूनच त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही व्हा पुढं सर. आलोच."

वर जाऊन मी पाच वर्षांच्या करारावर सही केली. का केली, ते मला अजून सांगता येत नाही.

काल बैठक मी तळमजल्यावर ठेवली. तो आला, खुर्चीत बसायच्या आधी माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. ते आभार होते की राग, मला कळलं नाही.